जंगलाची किंमत: आधी वजाबाकी, मग बेरीज

(ठाण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून फ्लॅटचा भाव चढतो. ही जंगलाचीच किंमत आहे, फक्त ती जंगलाच्या खात्यात जमा होत नाही. देशाच्या जंगलाचा हिशेब मांडताना असली विखुरलेली जमा एका वहीत आणायची असते, आणि तिथेच चुका होतात.

पहिली चूक क्षेत्रफळाला किंमत समजण्याची. भारत वनस्थिती अहवाल २०२३ प्रमाणे देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. पण उपग्रहाच्या चित्रात १ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांचं १० टक्के छत्र दिसलं, की तो वनाच्छादनात धरला जातो. मालकी कोणाची, झाड कुठलं, हे तिथे बघत नाहीत. आमराई आणि येऊरचं ऐन-सागाचं रान तिथे एकाच रकान्यात बसू शकतं.

म्हणून जमिनीवर उतरावं लागतं. ०.१ हेक्टरचा नमुना-तुकडा आखायचा आणि प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. समजा सागाचा घेर १२६ सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास ४० सेंटिमीटर. खोडाचं आकारमान १ घनमीटर धरलं, तर सुकं लाकूड साधारण ६०० किलो. त्याचा ४७ टक्के कार्बन २८२ किलो. याला ४४ भागिले १२ ने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनाच्या गुणोत्तराने गुणलं, की कार्बन डायऑक्साइड १,०३४ किलो. फांद्या आणि मुळं वेगळी. टेप खोडावरच्या वेलीवरून गेला आणि घेर ५ टक्के जास्त आला, तर आकारमान १० टक्क्यांनी फुगतं, कारण सूत्रात घेराचा वर्ग आहे. आणि ती चूक पुढे लाखो झाडांना गुणली जाते.

खाडीत हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. कांदळाच्या खोडाला आधारमुळांचा तंबू असतो, त्यामुळे घेर सगळ्यात वरच्या आधारमुळाच्याही वर घ्यावा लागतो. शिवाय कांदळवनातला बराचसा कार्बन चिखलात असतो. निदान मीटरभर खोल नळी घालून गाळाचे नमुने काढले नाहीत, तर हिशेबातला मोठा भाग पायाखालीच राहतो.

दुसरी चूक मुद्दल आणि व्याज एकत्र करण्याची. झाडात साठलेला कार्बन हे मुद्दल, यंदा वाढलेला हे व्याज. दोन्ही एकाच वर्षाच्या ‘सेवा’, म्हणजे जंगलाने त्या वर्षी केलेलं काम, म्हणून मिळवलेले ताळेबंद पाहायला मिळतात. दुकानाचा माल आणि गल्ला मिळवून कोणी वार्षिक कमाई सांगत नाही.

आता पाणी, माझ्या मते सगळ्यात गैरसमजाचा विषय. मुंबईला पाणी देणारा तुळशी तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, रोजचा पुरवठा सुमारे १.८ कोटी लिटर. हजार लिटरला १५ रुपये धरले, तर वर्षाला पावणेदहा कोटींच्या वर रक्कम होते. ती सगळी जंगलाची म्हणून लिहायचा मोह होतो. पण पाऊस झाडं नसतानाही पडला असता. उलट झाडं स्वतः पाणी पितात. जंगलाचं श्रेय फरकात आहे: जंगल नसतं तर तलावात किती गाळ आला असता, तो काढायला आणि पाणी गाळायला किती खर्च आला असता, पावसाळ्यानंतर ओहोळ किती लवकर आटले असते. जंगल असतानाचा आकडा वजा नसतानाचा आकडा, एवढीच किंमत. आणि ‘मुळांनी माती धरली’ व ‘पाणी गाळलं गेलं’ या दोन ओळींत तोच गाळ दोनदा मोजला तर नाही ना, हेही तपासायचं.

सगळं जमलं तरी व्याजदर, म्हणजे पुढच्या वर्षांचे रुपये आजच्या किमतीत आणताना धरलेला दर, खेळ करतोच. एखादं रान ५० वर्षं दरवर्षी १ लाखाचं काम करणार असेल, तर आजचं मूल्य ४ टक्क्यांनी साडेएकवीस लाखांच्या आसपास, ८ टक्क्यांनी सव्वाबारा लाख. झाड तेच, माती तीच. म्हणून अहवाल हातात आला, की आधी दर शोधा.

हा हिशेब कागदापुरता नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या जंगलाच्या पुढच्या कामाची अशीच काढलेली आजची किंमत, भरावं लागतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये ठरवले, २०२२ मध्ये ते वाढले. वनप्रकार आणि छत्राची घनता यांवर दर ठरतो. अभयारण्यात तो ५ पट, राष्ट्रीय उद्यानात १० पट.

घनतेची ही मोजपट्टी ऐरोलीच्या किनाऱ्यावर आणून पाहा. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतला समावेश २०२२ चा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) भरती ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलात चरतात, तिवरांच्या दाटीत नाही. त्या चिखलावरच्या छत्राची घनता शून्य.