गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना

[दृश्य: पलंगावर उघडी बॅग. शेजारी औषधांच्या पट्ट्या, फाइल, वॉकर.]

बॅग भरायला अर्धा तास पुरतो. गुडघेबदलाची तयारी मात्र तीन-चार आठवडे आधी सुरू होते, आणि तीही दातांपासून. किडलेली दाढ, लघवीची जळजळ, टाचेच्या भेगेत चिघळलेली जखम, यांतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. धातू-प्लॅस्टिकच्या सांध्याला रक्तपुरवठा नसतो. तिथे ठाण मांडलेल्या जंतूंवर औषध नीट चालत नाही. कधी कधी बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागतो. म्हणून अशी जखम भरतीच्या दिवशी दिसली, तर सर्जन तारीख पुढे ढकलतात. घरी रेझरने पायाचे केस काढायचे नाहीत, तेही याचसाठी. पात्याने बारीक ओरखडे पडतात. गरज असेल तर रुग्णालयात क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने काढतात.

[दृश्य: गोळ्यांची पट्टी, अगदी जवळून.]

आता गोळ्या. वारांच्या कप्प्यांत भरलेल्या सुट्या गोळ्या सिस्टरला ओळखू येत नाहीत. मूळ पट्ट्याच न्यायच्या, नाव आणि तारीख शाबूत ठेवून. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर ते ठरवणार हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किमान 3 दिवस आधी थांबवायला सांगतात. उपाशीपोटी ती रक्तातली आम्लता धोक्याच्या पातळीवर नेऊ शकते, आणि साखर तितकी वाढलेली नसल्याने ते चटकन लक्षात येत नाही. हेच औषध पुष्कळदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाबरोबर एका गोळीत येतं, तेव्हा पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायची. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या असतात, काही वगळायच्या. कोणती कशी, हे भूलतज्ज्ञाकडून लिहूनच घ्या. काढे, गुग्गुळ, चूर्णं, सगळं सांगायचं. आणि मशेरी. ‘तंबाखू खाता का’ला ठामपणे ‘नाही’ म्हणणाऱ्या काकूंना मशेरी त्यात मोजायची असते हे सुचतच नाही.

फाइलमध्ये तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे, आधार, पॅन आणि पॉलिसी. आधारवर माहेरचं नाव आणि पॉलिसीवर सासरचं, इथे कॅशलेस अडकतं. ही दुरुस्ती भरतीच्या सकाळी काउंटरवर होत नाही. ठरवून केलेल्या भरतीची सूचना विमा कंपनीला दोन-तीन दिवस आधी द्यावी लागते. रोख भरणार असाल, तर एका उपचारासाठी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम रुग्णालयाला कायद्याने घेता येत नाही. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017मध्ये कमाल मर्यादा घातली. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवलेली आहे ना, आणि त्याच्या खोक्यावरचे स्टिकर कागदपत्रांना लावलेत ना, ते बघून घ्या.

बॅग हलकीच बरी. गुडघ्यावर जाड पट्टी असते, सलवारीची अरुंद मोहरी त्यावरून चढत नाही. साडीचा घोळ वॉकरच्या पायात अडकतो. घोट्याच्या वर राहणारे दोन-तीन पुढून उघडणारे गाऊन सगळ्यात सोयीचे. चप्पल मागून पट्ट्याची, न घसरणारी, आणि पाय सुजणार म्हणून पट्टा सैल करता येईल अशी. वॉकर आधीच आणलात तर उंची लावून घ्या: ताठ उभं राहून हात सोडले की मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. सोबत राहणाऱ्याची पिशवी वेगळी: चादर, चार्जर, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, वही-पेन. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात. प्रश्न आधी लिहून ठेवलेले बरे.

[दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. गॅसवर चहाचं भांडं.]

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. शेवटचं खाणं आणि भूल यांत निदान 6 तासांचं अंतर लागतं. दुधाचा चहा त्या 6 तासांत मोडतो, अर्धा कप असला तरी. साधं पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञाने दिलेली वेळच पाळा. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करणार असले, तरी ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते आणि पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हा चहा प्यायलात तर लपवू नका. ऑपरेशन दुपारी होईल किंवा उद्या होईल.

नेलपॉलिश आदल्या दिवशीच पुसायची. लग्नसराईतली गडद मेंदी लगेच जात नाही, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला तिचा अडथळा होऊ शकतो. तसं सिस्टरला सांगून ठेवा. बांगड्या, जोडवी, नथ, मंगळसूत्र, सगळं उतरवायचं: रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं कॉटरी यंत्र वापरतात, धातूपाशी भाजू शकतं. बोटात रुतलेली अंगठी साबणाने निघाली नाही, तर आठवडाभर आधी सोनाराकडे जा. मनगटावरचे धागेही काढा.

[दृश्य: वॉर्डच्या दारात स्ट्रेचर.]

सर्जन पायावर पेनाने खूण करतात. ती योग्य गुडघ्यावर आहे का, हे रुग्णाने स्वतः बघावं, आणि पुसू नये. कवळी झाकणाच्या डबीत, डबीवर नाव. कागदाच्या रुमालात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते. ऐकायचं यंत्र मात्र थिएटरच्या दारापर्यंत कानातच राहू द्यायला विचारा. आत नाव काय, कोणता गुडघा, शेवटचं कधी खाल्लं, असे प्रश्न पुन्हा विचारतात. चष्मा, कवळी आणि यंत्र सोबतच्या माणसाच्या हातात. रुग्ण शुद्धीवर आला की पहिल्यांदा हेच मागतो.