आपल्या रमाबाई कोणत्या?

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

आपल्या मंडळात माझ्या नावाची माणसे इतकी आहेत की सभासदांच्या यादीत माझ्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘बुटका’ असे लिहून ठेवले आहे. मी तक्रार केलेली नाही, कारण त्यामुळे वर्गणीची स्मरणपत्रे तरी बरोबर माझ्याच घरी येतात. नावे सारखी असली की माणसे ओळखायला काही खूण लागते, एवढेच मला त्यातून समजले. मात्र गेल्या आठवड्यात घरात जे घडले, त्यानंतर हा विषय तितका विनोदी राहिलेला नाही.

महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी माझ्या नातीला ‘रमाबाई’ या विषयावर बोलायचे होते. तिने आंतरजालावरून माहिती गोळा केली आणि मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवली. त्यानुसार रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये रानात झाला, वडिलांनी त्यांना संस्कृत शिकवले, न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि 1935 मध्ये दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. आम्ही हसलो. या तीन निरनिराळ्या बायका आहेत, असे तिला समजावून सांगितल्यावर तिने विचारले, “आजोबा, मग यांतली आपली कोणती?”

या प्रश्नावरून जेवणाच्या टेबलावर जो वाद झाला, तो सगळा येथे सांगत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मालिका पाहिलेली असल्यामुळे रानड्यांच्या रमाबाईंना त्यांचे मत पडले. चिरंजीव म्हणाले की लहान मुलीला वादाच्या विषयात कशाला ओढायचे. सूनबाईंनी विचारले, की यात वादाचे काय आहे? त्यावर कोणीच उत्तर दिले नाही, मीसुद्धा.

थोरल्या माधवरावांच्या रमाबाईंना मी तूर्त बाजूला ठेवतो. थेऊरचे नाव काढताच आपल्या पिढीचे डोळे ओले होतात, आणि मग पुढचे भाषण कोणी ऐकत नाही.

उरलेल्या तिघींपैकी दोघी एका काळात एकाच पुण्यात वावरत होत्या, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या रमाबाई यांना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ ही पदवी दिली. पतीच्या निधनानंतर 1882 मध्ये त्या लहान मुलीला घेऊन पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना रानड्यांच्या घरातील तरुण रमाबाई जात असत आणि त्यासाठी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसत असत, हे त्यांच्या 1910 च्या आठवणींमध्ये आहे. या रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. दोघींची नावे लग्नानंतर बदलली. आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा तो समारंभ पाहायला कोण हजर होते? पंडिता रमाबाई. परदेशात आपले माणूस यशस्वी झाले की टाळ्या वाजवायला धावणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींच्या त्या पूर्वजच म्हणायच्या.

तरीही आपल्या भिंतीवरील तसबिरींमध्ये त्या नाहीत. त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेच त्याचे कारण आहे आणि ते आपण मोकळेपणाने कधी बोलत नाही. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो, असा आरोप झाल्यावर 1893 मध्ये खुद्द न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. त्यांचे कारण त्यांच्या काळाचे होते. मात्र त्याच सदनात शिकलेल्या एका विधवा मुलीशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या बाया कर्व्यांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. म्हणजे फळ आपले आणि झाड मात्र परके, असा हा व्यवहार आहे.

तिसऱ्या रमाबाई, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे लग्न 1906 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर लागले. बाबासाहेब न्यूयॉर्कला आणि लंडनला शिकत असताना त्या मुंबईत घर चालवत होत्या, आणि पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. माझ्या नातीच्या प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, तो इथे. या सभागृहात बसलेल्या आपणा किती जणांचे परदेशातील शिक्षण मागे राहिलेल्या कोणाच्या तरी उपासतापासावर उभे आहे, याचा विचार करा. त्या दृष्टीने पाहिले तर ‘आपली’ म्हणण्याचा पहिला हक्क कदाचित याच रमाबाईंवर पोहोचतो.

पण आपण काय करतो? एप्रिलमधला आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम याच शहरात दुसऱ्या सभागृहात दुसरी मराठी माणसे करतात आणि आपण अध्यक्षांच्या सहीचे शुभेच्छापत्र पाठवून मोकळे होतो. आपल्या घटनेत मात्र ‘सर्व मराठी भाषकांचे मंडळ’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ती घटना लिहिणाऱ्या समितीत हा बुटका गृहस्थही होता. नावांचा घोळ झाला तर आपण लगेच हसतो. सातारचे शाहू महाराज 1749 मध्ये वारले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा जन्म 1874 मधला, तरी आपल्या प्रश्नमंजूषेत दोघांची उत्तरे एकमेकांना चिकटतातच. तो घोळ दुरुस्त करता येतो. मुलीने तिघींना एक केले, आणि आम्ही मोठ्या माणसांनी त्यांना वेगळे करता करता दोघींना दाराबाहेर ठेवले. त्याची दुरुस्ती कोणत्या उत्तरपत्रिकेत करायची?

पुढच्या वर्षी तिन्ही रमाबाईंना एकाच रंगमंचावर आणावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. तो संमत होईल, कारण नाटक म्हटले की आपल्याकडे हात भराभर वर होतात. मला काळजी आहे ती वेगळी. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा प्रवेश सुरू झाल्यावर किती जण चहा प्यायला बाहेर जातील, त्या दुसऱ्या सभागृहातील मंडळी आपल्या एका आमंत्रणावर येतील का, आणि आलीच तर पुढच्या रांगेतील राखीव खुर्च्यांवरून कोण उठेल, हे मला आज सांगता येत नाही.