खुंटीवरचा बुरखा

[दृश्य : जळगाव, मे महिन्यातली दुपार, वाहता रस्ता]

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. स्कूटीवरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड स्टोलमध्ये गुंडाळून निघतात. त्यात हिंदू कोण, जैन कोण, मुसलमान कोण, कुणाला ओळखू येत नाही. एवढं दाखवून बुरख्याचा वाद मिटला असं म्हणता आलं असतं. पण तसा तो मिटत नाही. स्टोल कॉलेजच्या फाटकाशी सुटतो, आणि तो का बांधला होता, असं तिला कुणीच विचारत नाही.

[दृश्य : घराची आतली बाजू. दारामागे खुंटी, तिच्यावर काळा बुरखा]

बुरखा उतरतो तो घरात. भुसावळ असो, धुळे असो, यावल असो. दाराआडच्या खुंटीवर तो टांगला, की आत एक वेगळीच बाई दिसते. कळण्याची भाकरी थापणारी, फॉल-पिकोच्या मशीनवर चार पैसे कमावणारी, भावावर आवाज चढवणारी. बाप, भाऊ, मुलगा, सासरा यांच्यासमोर तिला पडदा नाही.

शेजारच्या गल्लीत पाटलाच्या वाड्यावर याच्या उलट रीत होती. सून बाजारात गेली तरी चालेल, पण घरात सासऱ्यासमोर पदर डोक्यावर हवा. मारवाडी घरात तर घुंघट. आता हे कमी झालंय, पण गेलेलं नाही. एकीचं डोकं घरात मोकळं होतं, दुसरीचं घरातच झाकलं जातं. आणि सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे, तडवी भिल्ल आहेत. धर्माने मुसलमान. त्यांच्या जुन्या बायकांना शेतात राबताना बुरख्याची सवय फारशी नव्हतीच. खान्देशातली मुस्लिम बाई म्हणून एकच चित्र काढणाऱ्याने या तिन्ही घरांत आधी जाऊन यावं.

जाताना मात्र विचारून जावं. हे आम्ही सांगत नाही, कुराण सांगतं. पडद्याच्या चर्चेत कुराणातल्या सूरह नूर या अध्यायातली 31वी आयत नेहमी पुढे येते. बायकांनी ओढणी कशी घ्यावी आणि कुणासमोर मोकळं राहावं, हे तिच्यात आहे. ती चेहऱ्यालाही लागू होते का, यावर आलिमांमध्येच, म्हणजे धर्मपंडितांमध्येच, मतभेद आहेत. पण तिच्याआधी 27वी आयत येते. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, घरच्यांना सलाम केल्याशिवाय शिरू नका. मग 30वी, पुरुषांसाठी. नजर खाली ठेवा. त्यानंतर 31वी, बायकांसाठी. वाद घालणारे मात्र आधीच्या दोन्ही ओलांडून थेट बाईच्या डोक्यापाशी येतात. ओढणी घाल म्हणणारेही, काढ म्हणणारेही. तिला कुणी विचारलेलं नसतं.

[दृश्य : जळगावचं जुनं सिनेमागृह]

याच जळगावात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जमातीतल्या पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमाला जायची बंदी घातली होती. तिच्याविरुद्ध रझिया पटेल ही इथलीच तरुण कार्यकर्ती उभी राहिली. मुस्लिम बाईला आवाज नसतो, असं समजून तिच्या वतीने बोलायला धावणाऱ्यांना हे नाव माहीत असायला हवं.

[दृश्य : एसटी स्टँड, सकाळी सात]

डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटकातल्या उडुपीच्या सरकारी कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवलं गेलं. 15 मार्च 2022 ला कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली. 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली. न्या. सुधांशू धुलियांनी खेड्यातल्या मुलीकडे पाहिलं. शाळेला निघण्याआधी तिला घरचं काम उरकावं लागतं; हिजाब घातला म्हणून तिचं शिक्षण अडवून तिचं आयुष्य आपण सुधारतो आहोत का, असा त्यांचा प्रश्न होता.

तो प्रश्न या स्टँडवर रोज उभा असतो. इथं उतरणाऱ्या मुलींपैकी काही जणी मनापासून बुरखा घालतात, त्यांची श्रद्धा आहे. काहींच्या घरी मात्र ती अट असते. अब्बा म्हणतात, तालुक्याला जायचं तर बुरख्यात जा. ती हो म्हणते, कारण तिला बारावी करायचीय, डीएड करायचंय. याला पूर्ण स्वातंत्र्य म्हणणं खोटं ठरेल. पण त्या अटीवर तिने मिळवलेली वाट खरी आहे. त्या वाटेवर चार वर्षं चाललेली मुलगी पुढे घरात काय बोलेल, बुरख्याचं काय करेल, हे तिचं तिलाच ठरवू द्या.

कॉलेजच्या फाटकावरच्या माणसाने तिला परत पाठवलं, तर ती तशीच परतीच्या एसटीने गावी येते. बुरखा खुंटीवर जातो, दप्तर कोपऱ्यात. आणि तिला शिकवायचं कशाला, असं पहिल्यापासून म्हणणारं घरातलं कुणीतरी म्हणतं, बरं झालं.