माळ्यावरची बोजोले

(एका वाइनप्रेमी मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर "एकाच बोजोलेची तीन साले" असा विषय छापलेला आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. परंतु त्याआधी एका माळ्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

फ्रान्समधील लिओं शहरातली नोकरी संपवून परतताना मी मामेभावासाठी तिथल्या बोजोले प्रदेशातील लाल वाइनची, त्यातही नूव्होची, म्हणजे त्याच वर्षीच्या नव्या वाइनची, एक बाटली आणली होती. ही वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. तेव्हा तिची द्राक्षे तोडून जेमतेम दोन-अडीच महिने झालेले असतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती संपवायची असते. हे मी त्याला बजावूनही सांगितले होते. परंतु वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असे त्याने कुठेतरी ऐकले होते, आणि ऐकीव ज्ञानापुढे आमच्यासारख्यांचे काय चालणार? त्याने ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, पितळी घंगाळाच्या शेजारी, उभी करून ठेवली. सात मे महिने तिने तिथे काढले. मुलीच्या साखरपुड्याच्या रात्री ती समारंभपूर्वक खाली उतरवण्यात आली. बूच अर्धे तुटून आत पडले, वहिनींनी त्याचा चुरा चहाच्या गाळणीने गाळला, आणि पेल्यात चिंचेच्या कोळाच्या रंगाचे जे काही उतरले त्याचा घोट घेऊन व्याही म्हणाले, "छान मुरली आहे." मित्रहो, मुरते ते लोणचे! (हशा) तुम्ही हसता आहात, पण इथल्या किती जणांच्या माळ्यावर अशी बाटली आहे, हे मी विचारणार नाही.

माझी तक्रार भावाविषयी नाही, बाटलीवरच्या सालाकडे वय म्हणून पाहण्याच्या सवयीविषयी आहे. ते साल त्या वर्षीच्या हवेची नोंद असते. दुसरी सवय याच्या नेमकी उलट: नूव्हो चाखून साऱ्या बोजोलेला पोरकट ठरवणे. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण हे शीत दुसऱ्याच पातेल्यातले आहे, कारण मोरगों, फ्लरी, मुलाँ-आ-व्हाँ अशा ज्या दहा गावशिवारांच्या नावाने तिथली उत्तम वाइन विकली जाते, त्या नावांखाली नूव्हो काढण्यास कायद्याने परवानगीच नाही.

ज्यापासून बोजोले होते त्या बिचाऱ्या गामे द्राक्षाचे हे दुर्दैव जुनेच आहे. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने हे वाण अतिशय वाईट आणि बेइमान असल्याचे फर्मान काढून ते उपटून टाकण्याचा हुकूम दिला. नावडतीचे मीठ अळणी! पुढे दक्षिणेच्या ग्रॅनाइटी टेकड्यांवर हेच वाण असे रुजले की मोरगोंची वाइन वयात येऊन तिला पक्व चेरीचा आणि ओल्या मातीचा गंध येऊ लागला, की तिथले लोक ती "मोरगोंते" आहे असे म्हणतात. गावाच्या नावाचे त्यांनी क्रियापदच करून टाकले आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. तेव्हा बाटल्यांकडे वळू.

तिन्ही बाटल्या मोरगोंच्या, कोत द्यु पी या टेकडीवरच्या, एकाच उत्पादकाच्या आहेत. 2014चा उन्हाळा थंड गेला, पण सप्टेंबरने लाज राखली. त्यामुळे या वाइनमध्ये आम्लता टवटवीत असून फळ लाल करवंदासारखे आहे. 2015ला कडक ऊन आणि कोरडी हवा होती, तोडणी ऑगस्टअखेरीसच सुरू झाली, मणी लहान आणि जाड सालीचे निघाले. त्या वर्षीच्या कित्येक बाटल्यांवर मद्यार्क चौदा टक्क्यांच्या घरात आढळेल. रंग गडद जांभळा, तोंडात तुरटपणा. पहिल्यांदा लेबल झाकून चाखली तेव्हा मी ती छातीठोकपणे दक्षिणेकडच्या उष्ण ऱ्होन खोऱ्यातली ठरवली होती, आणि वर 2014 आणि ही या दोन्हींपैकी हीच जुनी असेही सांगून बसलो होतो! 2021ला एप्रिलमध्ये हिमदंव पडले, उन्हाळाभर पाऊस झाला, वेलींवर केवडा रोग पसरला, पीक थोडे आले. नाशिककडच्या बागायतदारांना ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. ही वाइन फिकट आणि साडेबारा टक्क्यांच्या आसपासची आहे. रासबेरी, किंचित मिरी, आणि शेवटी जिभेवर स्वच्छ आंबटपणा.

पंडितांच्या तक्त्यांत 2015ला सर्वाधिक गुण असतात. ते वर्ष मोठे आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यात ऊन आधी लागते आणि मोरगों नंतर. 2014मध्ये टेकडी ओळखू येते, म्हणून दहा वर्षे ठेवायची असेल तर मी तीच ठेवीन, आणि आज रात्री जेवणाबरोबर घ्यायची असेल तर 2021. वाइन बुचाला लागून राहील अशी आडवी, पंधरा अंशांच्या आसपास आणि अंधारात ठेवण्याची सोय नसेल, तर कोणतीच ठेवू नये.

चाखताना हलकी आधी घ्यावी, म्हणजे 2021, मग 2014, मग 2015. बाटल्या अर्धा तास बर्फात होत्या, त्यामुळे पेला थोडा तळहातात धरावा. आणि गाळणीची गरज पडणार नाही, बुचे मी स्वतः सकाळी तपासली आहेत.