प्लासिबोवर माणसं कमी कशी लागतील?

(दृश्य: टेबलावर शब्दांची कार्डं. एका बाजूला आजोबा, समोर परीक्षक.)

दहा शब्द. एकेक कार्ड समोर येतं, आजोबा मोठ्याने वाचतात. मग परीक्षक कार्डं बाजूला ठेवतात आणि विचारतात, यातले कोणते आठवतात? अल्झायमरच्या औषधांची चाचणी घेताना स्मरणशक्ती अशी मोजतात. परीक्षेचं नाव एडास-कॉग. गुण ० ते ७०, आणि इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट.

दीड वर्षाने पुन्हा हीच परीक्षा. कुणाचे गुण दोनाने वाढलेले, कुणाचे पंधराने. औषध असो वा नसो, हा आजार माणसागणिक वेगळ्या चालीने चालतो. औषधाचा परिणाम बहुतेकदा दोन-तीन गुणांचाच, तो या चढउतारात बुडून जातो. म्हणून शेकडो रुग्ण घ्यावे लागतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या वाट्याला बहुधा प्लासिबो येतो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी.

(दृश्य: १९४८चं ब्रिटिश मेडिकल जर्नल.)

औषध कुणाला द्यायचं हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ही रीत रुजली ती ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीमुळे. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वाटणी बंद लिफाफ्यांत ठेवली होती. क्षयाचे १०७ रुग्ण. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. एवढा ठळक फरक अल्झायमरमध्ये दिसत नाही.

तिथे मशीन लर्निंग कामी येतं. जुन्या चाचण्यांत प्लासिबोवर असलेल्या रुग्णांच्या नोंदींवर मॉडेल शिकवतात. नव्या रुग्णाचं वय, जनुकीय तपासणी, सुरुवातीचे गुण पाहून ते सांगतं, औषधाविना याचे गुण दीड वर्षाने साधारण किती असतील. दोन्ही गटांतल्या प्रत्येकाचा हा अंदाज विश्लेषणात धरतात, म्हणजे माणसागणिक चढउताराचा काही भाग वजा होतो. अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५ असला, तर जवळपास २५ टक्के कमी रुग्णांत तेवढंच खात्रीचं उत्तर मिळतं.

मॉडेल चुकलं तर? फायदा घटेल, पण औषधाला फुकटचं श्रेय मिळणार नाही, कारण वाटणी चिठ्ठीनेच झालेली असते. मात्र मॉडेल आणि पद्धत निकाल उघडण्याआधीच लिहून ठेवली पाहिजे, त्यात सूट नको. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२२मध्ये प्रोकोव्हा नावाची अशी पद्धत ग्राह्य धरली.

प्लासिबोचा गटच नको, संगणकातले रुग्ण पुरेत, असंही काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. जुन्या नोंदींतली माणसं वेगळ्या काळातली, त्यांच्यावरचे उपचार वेगळे. तो गट लहान जरूर करावा: ३०० रुग्णांत दोनास एक (औषधावर दोन, प्लासिबोवर एक) वाटणी केली, तर प्लासिबोवर १५० ऐवजी १०० जण राहतात, आणि अशा वाटणीने अचूकतेत येणारी घट मॉडेल भरून काढू शकतं.