एकदाच ऐकून लिहिलेली परीक्षणं

[काळा पडदा. फक्त आवाज.]

आधी कीबोर्डचे काही स्वर. मऊ, गोल, किंचित झाकोळलेले. मात्रा मोजायची सवय असेल तर मोजून बघा, आवर्तन दहाचं आहे. मग एक जण गायला लागतो, पण त्याच्या आवाजाचे तुकडे केलेले आहेत आणि ते स्पीकरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिरभिरत राहतात. चार मिनिटं होतात, गाणं संपतं. गिटार वाजलेलीच नाही.

बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघं आहेत, हे लक्षात घ्या.

[पडद्यावर नाव : रेडिओहेड, 'किड ए', ऑक्टोबर २०००]

तीन वर्षं आधी, १९९७ साली, 'ओके कम्प्युटर' या अल्बमनं इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या या पाच जणांना जगभर नेलं होतं. पुढचा अल्बम त्याच वाटेवरचा, फक्त आणखी भव्य असेल, असं सगळे धरून चालले होते. गायक थॉम यॉर्क मात्र दौऱ्यांनी आणि कौतुकानं पार शिणला होता. शब्द सुचेनात. शेवटी त्यानं ओळी कागदावर लिहिल्या, कापल्या आणि टोपीत घालून चिठ्ठ्यांसारख्या उचलल्या. ध्वनिमुद्रण पॅरिसमध्ये सुरू झालं, मग कोपनहेगन, ग्लॉस्टरशायर आणि ऑक्सफर्ड. निर्माता नायजेल गॉडरिच.

[स्टुडिओची छायाचित्रं]

'द नॅशनल अँथम' हे तिसरं गाणं जरा नीट ऐकू. बेसवर एकच छोटी सुरावट, अखेरपर्यंत तीच. तिच्यावर ऑन्द मार्तनो, म्हणजे १९२८ मध्ये फ्रान्समध्ये लोकांसमोर आलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. आणि मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनांचा ताफा घुसतो. प्रेरणा जॅझमधल्या चार्ल्स मिंगसची, पण वादकांना सूचना दिली होती ती ट्रॅफिक जॅमसारखं वाजवायची. त्यांनी ती मनापासून पाळली. शेवटाकडे जो तो आपापला हॉर्न दाबून बसलाय.

'इडियोटेक'ची गोष्ट आणखी मजेची. बँडमधल्याच जॉनी ग्रीनवुडनं सिंथेसायझर आणि ठेक्यांशी खेळत पन्नास मिनिटांचा ऐवज यॉर्कच्या हाती दिला. यॉर्कनं त्यातला मिनिटभराचाही नसेल असा तुकडा उचलला. त्या तुकड्यात चार कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) होत्या, अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ सालच्या कॉम्प्युटर-संगीताच्या रचनेतून आलेल्या. गाणं उभं आहे ते त्यांच्यावर.

रॉक, जॅझ, इलेक्ट्रॉनिक, एका गाण्यात तर डॉर्चेस्टरच्या जुन्या चर्चमध्ये मुद्रित केलेली व्हायोलिनं. हे सगळं घोटून एकजीव केलेलं नाही. ते शेजारी शेजारी ठेवलंय, सांधे दिसतील असं. ऐकणाऱ्याला जोर लावावा लागतो तो तिथे.

[वर्तमानपत्रांची कात्रणं]

आता समीक्षक. प्रकाशनाआधी अल्बमच्या प्रती फारशा वाटल्या गेल्या नव्हत्या. बऱ्याच जणांना कंपनीच्या देखरेखीखाली तो ऐकवला गेला. घरी नेऊन, दिवा मालवून, चौथ्यांदा ऐकायची सोय नाही. गंमत अशी, की प्रकाशनाच्या सुमारे तीन आठवडे आधी सगळी गाणी नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घ्यायच्या सेवेवर, फुटली आणि सामान्य चाहते समीक्षकांपेक्षा जास्त वेळा ऐकून बसले!

लंडनच्या 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकानं पाचपैकी दीड गुण दिले आणि सोबत शिव्यांची लाखोली वाहिली. तिकडे अमेरिकेत 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटनं दहापैकी दहा दिले, पण अशा फुलोऱ्याच्या भाषेत की लोकांनी त्या परीक्षणाचीच टर उडवली. इलेक्ट्रॉनिक संगीतात मुरलेल्या काहींचं म्हणणं वेगळंच होतं : यात नवीन काय, एफेक्स ट्विन आणि ऑटेकर हे इलेक्ट्रॉनिकवाले आधीच करून बसलेत. आक्षेप खोटा नव्हता. यॉर्क त्या काळात तेच ऐकत होता आणि ते लपवतही नव्हता.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो कादंबरीकार निक हॉर्नबीचा आक्षेप. 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यानं लिहिलं त्याचा आशय असा : असा अल्बम रात्रीमागून रात्री घरी बसून ऐकावा लागतो, अर्धवट ओळींचे अर्थ लावावे लागतात, थोडक्यात, त्यासाठी सोळा वर्षांचं असावं लागतं. नोकरी करणाऱ्या माणसाकडे एवढा धीर कुठून येणार? चाहते यावर आजही चिडतात. पण अल्बम वाईट आहे, असं म्हणून तो थांबत नाही. हा मागतोय तेवढा वेळ आपल्याकडे नाही, अशी त्याची तक्रार आहे. कुठल्याही गुणांकानं ती खोडता येत नाही.

विक्रीचं म्हणाल तर एकही सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) नाही, नेहमीसारखा एकही व्हिडिओ नाही, तरी ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक. २००१ मध्ये पर्यायी संगीताच्या अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

[पडद्यावर आकडे : ४२८, ६७, २०]

'रोलिंग स्टोन'च्या सर्वोत्तम पाचशे अल्बमांच्या यादीतली ही 'किड ए'ची जागा. २००३ मध्ये ४२८, २०१२ मध्ये ६७, २०२० मध्ये २०. मधल्या काळात, २००९ मध्ये, याच नियतकालिकानं आणि 'पिचफोर्क'नंही त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. ध्वनिमुद्रणात एक स्वर बदललेला नाही. पण २०२० च्या यादीसाठी मतदान नव्यानं घेतलं गेलं, मतदारही बरेच बदलले. २००० साली जी मुलं सोळा वर्षांची होती, ती एव्हाना छत्तिशीत आली होती.

[२०१०]

आणि 'मेलडी मेकर'? २००० च्या डिसेंबरातच, १९२६ पासून चालत आलेलं ते साप्ताहिक 'एनएमई' या दुसऱ्या संगीत साप्ताहिकात विलीन झालं. दीड गुण देणारा समीक्षक मार्क बोमाँट मात्र लिहीत राहिला. दहा वर्षांनी, दशकाच्या याद्या लागून गेल्यावर, 'गार्डियन'मध्ये त्यानं पुन्हा 'किड ए'वर लेख लिहिला. मत तेच : अजूनही फारसा दम नाही. त्याचं पटत नाही मला. पण तोवर त्यानं अल्बम एकदाच ऐकला होता, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.