खवल्यांचा मासा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ज्यू धर्मातल्या आज्ञांबद्दल. हिब्रूत आज्ञेला म्हणतात मित्झ्वा. परंपरेनं त्या मोजून ठेवल्यात: ६१३. त्यातल्या २४८ करायच्या, ३६५ करायच्या नाहीत. मी आज सांगणार आहे ती माशाची. पण पाटी उतरायच्या आधी जरा तेलाच्या घाण्याकडे जाऊन येऊ.

आपल्या रायगडात, अलिबाग, रोहा, पेण, मुरुड या भागात बेने इस्राएल नावाचे ज्यू लोक कित्येक शतकं राहिले. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. जवळचे ग्रंथ समुद्रात गेले. मग ही माणसं तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, दिवेकर, पेणकर, नवगावकर झाली. आणि गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. का? तर शनिवारी यांचा घाणा बंद. इतर तेल्यांचा सोमवारी बंद, यांचा शनिवारी.

शनिवार, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. तो शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांमध्ये, दहा आज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. एकीकडे म्हटलंय, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. दुसरीकडे म्हटलंय, तू मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास याची आठवण ठेव, म्हणून. आणि सुट्टी कुणाकुणाला, त्याची यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा नोकर, तुझी मोलकरीण, तुझा बैल. होय, बैलसुद्धा. डोळ्यांना झापड बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरणारा तो बैल शनिवारी गोठ्यात रवंथ करत बसायचा. देशावर पोळ्याला बैलाला वर्षातून एकदा मान मिळतो. या बैलाला दर आठवड्याला मिळायचा.

इथं एक मनातलं बोलून घेतो. हल्ली कुठल्याही सणाचं नाव काढलं की लगेच विचारतात, यामागचं शास्त्रीय कारण काय? उपवास पचनासाठी, तोरण हवा शुद्ध व्हायला, कुंकू कशासाठी तर आणखी कशासाठी. मला ही सवय मुळीच पटत नाही. आईच्या श्राद्धाला पान वाढताना आपण जीवनसत्त्वं मोजतो का? असो.

ज्यू धर्मपंडितांनी या आज्ञांचे प्रकार पाडलेत. ज्यांचं कारण सहज कळतं त्या मिश्पातीम: चोरी करू नका, खून करू नका. आणि ज्यांचं कारण सांगितलेलंच नाही त्या हुक्कीम. माशाची आज्ञा या दुसऱ्या प्रकारातली. पाण्यातल्या ज्या जिवाला पर आहेत आणि खवले आहेत, तोच खायचा. पर आणि खवले, दोन्ही हवेत. का, ते तोरा सांगत नाही.

आता गोष्ट.

मला ती अलिबागला एका आजींनी सांगितली. तिथं एक इस्राएल आळी आहे, मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. शुक्रवारची दुपार होती. आजी मागच्या दारी पाटावर विळी घेऊन बसल्या होत्या आणि पुढ्यात परातीत सुरमई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी प्रश्न विचारत होतो आणि त्यांना घाई होती, कारण सूर्य मावळायच्या आत सगळा स्वयंपाक उरकून दिवा लावायचा असतो. एकदा शब्बाथ लागला की चूल पेटवायची नाही.

त्या म्हणाल्या, "बाबा, आम्हाला ओळखलं ते माशानं."

फार जुनी गोष्ट. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वीची, कुणी म्हणतं अठराव्या शतकातली. दाविद राहाबी नावाचा एक ज्यू माणूस कोकणात आला. त्याच्या कानावर आलं होतं की इथले काही तेली शनिवारी काम करत नाहीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. त्याला वाटलं, ही आपली माणसं तर नव्हेत? पण विचारायचं कसं? यांच्याजवळ ग्रंथ नाही. हिब्रू येत नाही. कपडे कोकणातले, बोली कोकणातली. 'तुम्ही ज्यू का?' म्हटलं तर तो शब्दही यांना ठाऊक नाही.

मग त्यानं काय केलं? बाजारातून मासे आणले. सगळ्या तऱ्हेचे, एकत्र. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे. एका घरी गेला, बायकांपुढे पाटी ठेवली आणि म्हणाला, एवढं रांधून द्या.

आजींनी इथं विळीवरचा हात थांबवला. परातीच्या कडेला बोटानं दोन ढीग करून दाखवले. "बायका बसल्या निवडायला. पापलेट इकडे. सुरमई इकडे. कोळंबी तिकडे. चिंबोरी तिकडे. मुशी तिकडे. तिकडचं सगळं पाटीत परत टाकलं आणि म्हणाल्या, हे आमच्यात चालत नाही."

"का चालत नाही?" राहाबीनं विचारलं.

"आमच्यात चालत नाही." एवढंच. त्यांना दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं.

आणि तेवढ्यावर त्यानं ओळखलं. ग्रंथ बुडाला होता, भाषा गेली होती. निवडणं शिल्लक होतं. आईनं लेकीला दाखवलं, हा इकडे, तो तिकडे. लेकीनं तिच्या लेकीला. परंपरा सांगते की राहाबी राहिला आणि त्यानं तिघा तरुणांना शिकवून तयार केलं. त्यांना पुढे काजी म्हणू लागले.

हे सांगताना आजींनी एक खवला माझ्या तळहातावर ठेवला. इवलासा, ओला, उन्हात धरला तर आरपार दिसणारा. "एवढ्याशानं," त्या म्हणाल्या.

सणांचंही तसंच झालं होतं. वल्हांडणाच्या सणाला बेने इस्राएल म्हणायचे अनाशी ढाकाचा सण. घरातलं आंबट रसाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. मिसरमधून पूर्वज घाईनं निघाले, पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून आंबवलेलं वर्ज्य. ही कथा विसरली होती, भांडं मात्र झाकलं जात होतं. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, योम किप्पूर, त्याला नाव दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं. आणि करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा आलीय. ती पाळायला त्यांना आपल्या नारळानं हात दिला: मटणाच्या रश्शात नारळाचं दूध.

तोरामध्ये आज्ञा ऐकल्यावर लोक सीनाय पर्वतापाशी म्हणतात, "नासे वेनिश्मा." आम्ही करू, आणि ऐकू. आधी करू, मग ऐकू. त्या दोन शब्दांवर पंडितांनी पुष्कळ लिहिलंय. मला ते कळले ते मागच्या दारी, त्या परातीपाशी.

आजींनी उरलेली तुकडी धुतली, हळद-मीठ लावलं आणि ऊन कुठवर आलंय ते पाहिलं. अंगणातल्या माडाची सावली कुंपणाला टेकली होती. "ऊठ आता," त्या म्हणाल्या, "मला दिवा लावायचाय."